तलाव उकरणें व तलाव राखणें

वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांस तलावांचा मुलूख म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यांतून वेगळा झाला. परंतु जिल्ह्याची हद्द बदलली म्हणून पाण्याची वाट बदलत नाहीं. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून वाहिलेलें पाणी खालच्या तलावांत, तेथून त्याखालच्या बोडींत, व अखेरीस नाल्यावाटे नदीस, अशी साखळी या मुलुखांत गांवोगांव दिसते. माजी मालगुजारी तलाव या सदराखालीं सरकारदप्तरीं आजहि ६,५०० हून अधिक तलावांची नोंद आहे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांस मामा तलाव म्हणतात.

या तलावांकडे सरकारचें व लोकांचें लक्ष अलीकडे पुन्हां वळलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान जाहीर झालें. २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. आणि तेव्हांपासून उन्हाळा लागला कीं गाळ काढणारीं यंत्रें तलावांत उतरूं लागलीं. पूर्वीं ज्या तलावाकडे कोणी ढुंकून पाहत नसे, त्याच्या पाळीवर आतां पुढारी व अधिकारी येऊन उभे राहतात. हें सर्व ठीक झालें. परंतु हें काम ज्या समजुतीनें चाललें आहे त्या समजुतींतच एक दोष आहे, असें आमचें मत असून तें स्पष्टपणें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. तलाव खोल केला म्हणजे तो दुरुस्त झाला, ही ती समजूत होय. आमच्या मतें तलाव उकरणें निराळें आणि तलाव राखणें निराळें. आणि पहिल्यासच दुसरें समजण्यांत कास्तकाराचें, ढीवराचें व पांखरांचें, अशा तिघांचेंहि नुकसान आहे.

प्रथम हे तलाव कां बांधले गेले हें ध्यानांत घेतलें पाहिजे. या भागांत पाऊस थोडा पडत नाहीं; सरासरीनें तो ५० इंचांच्या आसपास आहे. परंतु तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. धान ऐन पोटरीस आलें असतां सप्टेंबरच्या शेवटीं किंवा ऑक्टोबरच्या आरंभीं पावसानें एक पंधरवडा ओढ दिली, तर वर्षाची मेहनत व्यर्थ जाते. त्या एका पंधरवड्याची बेगमी म्हणून हे तलाव झाले. ते मुख्यतः बारमाही पाण्यासाठीं नव्हते. धानास अखेरचें एक-दोन वेळ पाणी मिळावें, गुरांस प्यावयास उरावें, आणि ज्याची ऐपत असेल त्यास ऊंस करितां यावा, एवढा त्यांचा हेतु होता.

ते बांधले कोणीं, याविषयीं परंपरा अशी सांगते कीं, जो जंगल तोडून तलाव बांधील त्यास त्या तलावाखालीं भिजणारी जमीन द्यावी, असा चांद्याच्या गोंड राजांचा शिरस्ता होता. या कामीं कोहळी समाजाचा हातखंडा होता. आपण मूळचे काशीकडचे, अशी त्यांच्यांतील समजूत आहे. ऊंस पिकविण्यांत व पाळ घालण्यांत त्यांच्या तोडीचें कोणी नाहीं, अशी त्यांची ख्याति होती. नवेगांवबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला, अशी नोंद इंग्रजी अमदानींतील जिल्हा गॅझेटियरांत आहे. सुमारें ११ चौरस किलोमीटर पसरलेलें हें पाणी अडविण्यास त्यांनीं सारा परीघ बांधला नाहीं; डोंगरांमधील खिंडी तेवढ्या पाळी घालून बंद केल्या. सभोंवारच्या टेकड्यांस लोक सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलांस कोलासुर स्वामी म्हणून पूजितात. ज्यानें तलाव बांधला त्यास देवपण द्यावें, यावरून त्या लोकांस पाण्याची किंमत काय वाटत होती तें दिसून येतें.

आतां तलावाचीं अंगें पाहूं. येवा, पाळ, तुडुम, सांडवा, पाट आणि पोट, अशीं हीं सहा अंगें आहेत. येवा म्हणजे ज्या उतारावरून पाणी येतें तें क्षेत्र. पाळ म्हणजे तें अडविणारा मातीचा बांध. तुडुम म्हणजे पाळीतील पाणी सोडण्याचें द्वार. सांडवा म्हणजे जास्त झालेलें पाणी सुखरूपपणें जाण्याची वाट. पाट म्हणजे बांधींपर्यंत पाणी नेणारा चर. आणि पोट म्हणजे प्रत्यक्ष पाणी सांठण्याची जागा. या सहांपैकीं हल्लींची दुरुस्ती बहुधा एकाच अंगाची, म्हणजे पोटाची, होते. पोट उकरावयास यंत्र पुरतें, काम लवकर दिसतें, आणि किती घनमीटर गाळ निघाला हें कागदावर मांडतां येतें. तुडुमाची गळती बंद करणें किंवा पाट साफ ठेवणें हीं कामें बारीक, दरसालचीं व न दिसणारीं. म्हणून तीं मागें पडतात.

परंतु पोट उकरल्यानें पाणी किती वाढतें याचा हिशेब कास्तकारानें स्वतः करून पाहण्यासारखा आहे. तुडुमाचा उंबरठा ज्या पातळीवर आहे त्याच्या खालचें पाणी पाटानें शेतास जाऊं शकत नाहीं. उंबरठ्याखालीं आणखी चार फूट खड्डा केला, तर त्या खड्ड्यांतील पाणी गुरांस, मासळीस व आसपासच्या विहिरींच्या झऱ्यांस उपयोगी पडेल, हें खरें. परंतु पोटरींतील धानास त्याचा उपयोग करावयाचा तर पंप बसवावा लागेल व विजेचें बिल भरावें लागेल. म्हणजे आजोबांच्या काळीं जें पाणी आपल्या वजनानें बांधींत जात असे, तेंच नातवानें पैसे देऊन वर चढवावयाचें. याला सुधारणा म्हणावयाचें काय?

दुसरा हिशेब सांडव्याचा. एका एकरावरील एक फूट जाडीचा गाळ म्हणजे ४३,५६० घनफूट, अर्थात् सुमारें ४३५ ब्रास. समजा, तलाव भरला असतां त्याचें पाणी ५० एकरांवर पसरतें. त्याचा सांडवा फुटून किंवा कोणीं मुद्दाम फोडून एक फूट खालीं गेला असेल, तर दरसाल सुमारें ५० एकर-फूट पाणी सांठण्यापूर्वींच वाहून जातें. तेवढी जागा उकरून करावयाची म्हटलें तर २१,७८० ब्रास माती बाहेर काढावी लागेल. सांडव्याची तेवढी एक फूट भिंत पूर्ववत् बांधण्यास किती दगड व किती दिवस लागतात, हें कोणत्याहि गंवड्यास विचारावें. शिवाय सांडव्यामुळें राहणारें हें पाणी तुडुमाच्या वरचें, म्हणजे शेतास आपोआप जाणारें असतें. अर्थात् सांडवा मूळच्या पातळीपर्यंतच चढवावयाचा. पाळीची ताकद न पाहतां त्याच्यावर चढविणें म्हणजे पाळ फुटण्यास आमंत्रण होय.

मग गाळ काढूंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. गाळ सांठतो, त्यानें पोट भरतें, आणि तो काढलाच पाहिजे. तलावाचा गाळ उन्हाळ्यांत गाडींत भरून उंचवट्याच्या बांधींत टाकण्याची रीत आपल्या वाडवडिलांची आहे, आणि हलक्या जमिनीस त्यासारखें दुसरें खत-माती नाहीं. परंतु गाळ काढणें व मुरूम काढणें यांत भेद आहे. वर्षानुवर्षें बसलेल्या चिकण गाळाच्या थरानेंच तलावाचा तळ पाणी धरून ठेवतो. तो सगळा खरवडून यंत्र खालच्या मुरमांत शिरलें, तर तळ गळूं लागतो. दिवाळीपर्यंत टिकणारें पाणी दसऱ्यालाच आटलें म्हणजे लोक पावसास दोष देतात. मुरमास रस्त्याच्या कामावर गिऱ्हाईक असतें व गाळास नसतें; म्हणून ठेकेदाराचें यंत्र कोठें थांबावें हें ठेकेदारावर सोंपवूं नये. जोंपर्यंत निघालेली माती कास्तकार आपल्या बांधींत टाकावयास खुषीनें नेतो, तोंपर्यंत तो गाळ आहे. ती माती शेतास नको व रस्त्यास हवी असें झालें, कीं यंत्र थांबविण्याची वेळ झाली असें समजावें.

याहूनहि महत्त्वाची बाब तलावाच्या उथळ कांठाची आहे. पाळीच्या उलट बाजूस, जेथून येव्याचें पाणी आंत येतें, तेथें तलाव हळूहळू उथळ होत जातो. गुडघाभर, घोटाभर पाणी, त्यांत गवत, कमळें, शिंगाडा, देवधान व नाना प्रकारच्या पाणवनस्पती, असा हा पट्टा असतो. गाळ काढणाऱ्यास ही जागा वायां गेलेली दिसते, आणि तो तलावाचा कांठ सरळ भिंतीसारखा कापून टाकतो. वस्तुतः तलावाची अर्धी कमाई याच पट्ट्यांत होते.

मासळीचेंच पाहा. हल्लीं तलावांत कटला, रोहू व मृगळ यांचें बीज विकत आणून सोडतात. हे मासे लवकर वाढतात, हें खरें. परंतु ते वाहत्या पाण्यांतील असल्यामुळें तलावाच्या स्थिर पाण्यांत त्यांची वीण होत नाहीं, आणि ढीवरांच्या संस्थेस दरवर्षीं बीजासाठीं पैसे मोजावे लागतात. उलट मरळीसारखे देशी मासे उथळ पाण्यांतील वनस्पतींत स्वतः घरटें करितात, अंडीं घालतात व पिलें राखतात. त्यांचें बीज कोणास विकत आणावें लागत नाहीं, आणि बाजारांत त्यांस भावहि चांगला येतो. उथळ कांठ कापला, किंवा वनस्पती खाणारा गवत्या मासा आणून सोडला, म्हणजे या फुकटच्या बीजशाळेस आपणच कुलूप लावलें. अर्जुनी-मोरगांवच्या बाजूस भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें ढीवर बांधवांच्या साह्यानें तलावांतील बेशरमीचें रान काढून तेथें देशी पाणवनस्पती पुन्हां लावण्याचें काम केलें आहे. त्यांत ढीवर स्त्रियांनीं पुढाकार घेतला, आणि देशी मासळी परत येऊं लागल्याचा अनुभव आला. कोणत्या मातींत कोणती वनस्पती रुजते व कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशीं वितो, हें ज्ञान त्या समाजापाशीं पिढ्यान्पिढ्या आहे. तलावाच्या दुरुस्तीचा आराखडा करतांना त्यांस कोणी विचारीत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

पांखरांची गोष्टहि याच पट्ट्याशीं निगडित आहे. हिवाळ्यांत तलवार बदक, लालसरी इत्यादि बदकें उत्तरेकडून येथें उतरतात, आणि हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. तलवार बदकासारखीं पांखरें बुडी मारून चरत नाहींत. तीं शेपूट वर करून मान बुडवितात, व जेवढी मान पोंचते तेवढ्याच खोलीवर त्यांस चारा मिळतो. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, आपली अडई, या सर्वांचा संसार उथळ पाण्यांत. दहा फूट खोल व उभ्या कांठाचा तलाव म्हणजे पांखरांच्या दृष्टीनें मोठी विहीरच होय. नवेगांवबांध येथें १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, व २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकारी या नात्यानें तेथें वर्षें घालवून तेथील जंगल व पांखरें मराठी वाचकांच्या घरांत आणून पोंचविलीं. परंतु उद्यानाच्या हद्दींत राहिलेलें पाणी थोडें, आणि गांवांच्या तलावांत असलेलें पाणी फार. पांखरें हद्द वाचीत नाहींत.

यांत सारसाची कथा सर्वांत निकडीची आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सारस हा सर्वांत उंच. उभा राहिला म्हणजे जवळजवळ माणसाएवढा. महाराष्ट्रांत तो आतां मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांत व त्याच्या लगतच्या भागांत उरला आहे, आणि अलीकडील गणनांत त्या जिल्ह्यांतील त्याची संख्या पन्नासाच्या आंतच आढळते. नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें २०२१ सालीं या प्रश्नाची स्वतः होऊन दखल घेतली. सारसाची जोडी पावसाळ्यांत तलावाच्या उथळ भागांत, नाहींतर सरळ आपल्या धानाच्या बांधींत, गवत व काडी रचून घरटें करिते. बहुधा दोन अंडीं असतात, आणि महिनाभर नर व मादी आळीपाळीनें तीं उबवितात. त्यासाठीं कास्तकाराच्या कांहीं वाफ्याएवढ्या धानाची खराबी होते, हें नाकारण्याचें कारण नाहीं. तरीहि पुष्कळ कास्तकारांनीं घरट्याभोंवतीं धान तसेंच उभें ठेवून हीं अंडीं राखलीं आहेत, आणि सेवेच्या भावनेनें काम करणाऱ्या तरुण मंडळींनीं त्यांस साथ दिली आहे. सारस उरला आहे तो कायद्यापेक्षां या कास्तकारांमुळें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु विजेच्या तारा व विषारी फवारे यांपुढें एकट्या कास्तकाराचा इलाज चालत नाहीं. आणि उथळ तलाव नाहींसे झाल्यावर सारसानें उन्हाळा काढावा कोठें, हा प्रश्न उरतोच.

आतां एक नाजूक बाब. उथळ कांठ केवळ यंत्रच खातें असें नाहीं. तलावाच्या पोटांत दरसाल एक-दोन बांध्या पुढें सरकविणारे आपल्यांतीलच आहेत. अशा बांध्या पावसाळ्यांत बुडूं नयेत म्हणून सांडवा रात्रींतून फोडला जातो, आणि वर जो हिशेब दिला तो एक फूट असाच जातो. तलावाखालच्या शंभर कास्तकारांचें पोटरीचें पाणी पोटांतील चार बांध्यांसाठीं वाहून जावें, हा व्यवहार कोणत्याहि गांवास परवडणारा नाहीं. यंत्रावर टीका करतांना याकडे डोळेझांक केली, तर आमच्या बोलण्यास वजन राहणार नाहीं.

हें सारें असें कां झालें, याचें मूळ आमच्या मतें हक्क व काम यांची फारकत होण्यांत आहे. मालगुजारी व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तींत कुळांची नाडणूक होत असे, वेठ असे, आणि ती गेली हें योग्यच झालें. १९५० च्या मध्यप्रदेश कायद्यान्वयें १९५१ सालीं मालगुजारांचे मालकी हक्क संपुष्टांत येऊन तलाव सरकारच्या स्वाधीन झाले. तथापि मालकी घेतांना तलावाचें दरसालचें काम कोणीं करावयाचें, हें मात्र घेतलें गेलें नाहीं. पूर्वीं वाजिब-उल-अर्जांत कोणाच्या बांधीस कोणत्या क्रमानें पाणी, हें लिहिलेलें असे. पाणी फिरविण्यास पाणकर असे. आणि ज्यास पाणी त्यानें पाळीवर माती टाकावयाची, हें ठरलेलें असे. आतां लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासळीचा ठेका एका खात्याकडे, पांखरें वनखात्याकडे, व जमिनीची मोजणी महसुलाकडे आहे. पाळीत उंदीर-घुशींनीं बीळ केलें तर तें बुजविण्यास घमेलें घेऊन कोणीं जावयाचें, हें कोणासच ठाऊक नाहीं.

कायद्याचा आधारहि येथें तोकडा पडतो. २०१७ च्या पाणथळ जागांविषयींच्या केंद्रीय नियमांत सिंचनासाठीं मुद्दाम बांधलेल्या जलाशयांस व्याख्येंतूनच वगळलें आहे. नव्या काँक्रीटच्या टांकीस हें वगळणें शोभलें असतें. परंतु दोन-तीनशें वर्षांपूर्वीं मनुष्यानें बांधलेला, आणि तेव्हांपासून कमळ, मरळ व सारस यांनीं आपला केलेला तलाव, केवळ त्याची पाळ हातानें घातली म्हणून पाणथळ नव्हे असें ठरावें, हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं. या मुलुखांत तर बहुतेक सारें स्थिर पाणी माणसानेंच अडविलेलें आहे. मामा तलावांपुरता तरी या व्याख्येंत फेर व्हावा, किंवा राज्य सरकारनें त्यांसाठीं निराळे नियम करावे, अशी मागणी आपल्या संस्थांनीं केली पाहिजे. त्यांत सिंचनाचा हक्क मात्र पहिला राहिला पाहिजे, हेंहि स्पष्ट लिहून घ्यावें. नाहींतर पांखरांच्या नांवावर कास्तकाराचें तुडुम बंद झालें असें व्हावयाचें.

कायदा होईल तेव्हां होईल. तोंवर गांवास स्वतः करितां येण्याजोग्या पांच गोष्टी आम्ही सुचवितों.

पहिली, कामाचा क्रम. आधीं सांडवा, मग तुडुम, मग पाळ, मग पाट, आणि सर्वांत शेवटीं पोटांतील गाळ. अंदाजपत्रकांत पहिल्या चारांसाठीं पैसा नसेल तर ग्रामसभेनें पांचव्यास संमति देऊं नये.

दुसरी, गाळाची शिस्त. एका उन्हाळ्यांत तलावाचा एक भाग, फार तर एक तृतीयांश, घ्यावा. येव्याकडील उथळ पट्ट्यास हात लावूं नये. तुडुमापुढें गुरांसाठीं व मासळीसाठीं एक डोह खोल करावा. तेवढ्यानें उन्हाळ्याचें काम भागतें. बेशरम मात्र मुळासकट काढावी.

तिसरी, हद्द. तलाव पूर्ण भरला असतां पाणी जेथपर्यंत जातें तेथें मोजणी करून दगड रोवावे, आणि आंत आलेल्या बांध्यांचा निकाल गांवानेंच समजुतीनें लावावा. भूमिहीनानें पोटासाठीं केलेली बांधी व सधनानें हांव म्हणून केलेली बांधी यांस एकच न्याय लावूं नये; पहिल्यास दुसरी सोय द्यावी.

चवथी, पाणकर. तलावाखालच्या कास्तकारांनीं एकरामागें थोडें धान काढून एक पाणकर ठेवावा. तुडुम उघडणें-मिटणें, पाट साफ ठेवणें व पाळीवर दररोज एक फेरी घालणें हें त्याचें काम. ढीवरांच्या संस्थेचे दोन प्रतिनिधि, त्यांत एक स्त्री, तलावाच्या समितींत अवश्य असावे, कारण पाणी किती व केव्हां सोडावें यांत त्यांचेंहि पोट गुंतलेलें आहे.

पांचवी, घरटें. ज्याच्या बांधींत सारसानें घरटें केलें त्यानें त्याभोंवतीं औषध फवारूं नये व तेवढें धान उभें ठेवावें. आणि त्याची जी खराबी होईल ती समितीनें किंवा वनखात्यानें मळणीपूर्वीं भरून द्यावी. एका गरीब कास्तकारानें सर्व महाराष्ट्राचा पक्षी स्वतःच्या खर्चानें पोसावा, अशी अपेक्षा न्यायाची नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मोठीं धरणें झाल्यावर या जुन्या तलावांचें महत्त्व काय उरलें? गोसीखुर्दच्या धरणाची कोनशिला १९८८ सालीं बसली. त्या पाण्याची वाट पाहतां पाहतां अनेक गांवांतील एक पिढी म्हातारी झाली. मोठ्या धरणाचें पाणी येईल तेथें येवो. परंतु पोटरींतील धानास जो पंधरवडा पाणी लागतें, तो पंधरवडा कालव्याच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाहीं. गांवच्या तलावाचें तुडुम गांवच्या हातीं असतें, हाच त्याचा मोठा गुण आहे. तो गुण राखावयाचा तर गांवानें हातहि चालविला पाहिजे.

दिवाळीनंतर धान निघालें कीं ग्रामसभांतून पुढील उन्हाळ्याच्या कामांचे ठराव होतात. त्या सभेस आमच्या कास्तकार बंधूंनीं व भगिनींनीं हजर राहून किती ब्रास गाळ निघणार हें विचारण्याआधीं तीन प्रश्न विचारावे: सांडवा मूळच्या पातळीवर आहे काय? तुडुमाचा उंबरठा कोठें आहे? आणि उथळ कांठ किती एकर सोडणार? या तिहींचीं उत्तरें कागदावर उतरल्याखेरीज यंत्रास तलावांत उतरूं देऊं नये. कोलू पाटलांपाशीं यंत्र नव्हतें. पण कोठली खिंड बांधावी व कोठला उतार मोकळा सोडावा, हें त्यांस ठाऊक होतें. आपल्यापाशीं यंत्र आलें आहे. तें कोठें थांबवावयाचें हें ठरविणें आतां आपल्या हातीं आहे.